दोन सह्या घाईच्या, एक राहून गेलेली

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई निमंत्रण घेऊन घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "विषय तुमचा तुम्ही ठरवा, पण आनंदाचा दिवस आहे हे ध्यानात असू द्या." मी म्हटले, "मृत्युपत्रावर बोलेन म्हणते." त्यांचा चेहरा उतरला. "अहो काकू, वर्धापनदिनाला मृत्युपत्र?" मी त्यांना बसवून चहा दिला व विचारले, "तुमच्या राहत्या घराचा कागद कोणाच्या नावावर आहे?" त्या म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते." तेव्हा मी म्हटले, "हाच माझा विषय." मग त्या हसल्या, आणि मला आज आपल्यापुढे उभे राहता आले.

मी कायदेपंडित नाही. तीस वर्षे मी दस्त नोंदणीच्या कचेरीत कारकून होते. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र हे माझे रोजचे पीठमीठ. ह्या तीस वर्षांत बायकांच्या सह्या आणि अंगठे मी इतके पाहिले की त्यांवरून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. बाई आयुष्यात दोन सह्या फार घाईने करते, आणि तिसरी, जी तिने करायला हवी, ती करायची राहून जाते. पहिली सही हक्कसोडपत्रावरची, दुसरी बक्षीसपत्रावरची आणि राहून गेलेली तिसरी मृत्युपत्रावरची. ह्या तीन सह्यांबद्दल आज सांगणार आहे. त्यातले काही माझ्या घरचेच आहे आणि ते सांगताना मला अभिमान वाटत नाही.

प्रथम थोडा इतिहास. आपल्या पणज्यांच्या काळी विधवेला घरात दोन वेळचे अन्न आणि अंगभर वस्त्र, म्हणजे पोटगी, एवढाच काय तो हक्क असे. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने कायदा झाला व विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा मिळू लागला. परंतु तो तिच्या हयातीपुरता. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी केवढी झुंज दिली, आणि ते रखडल्यामुळे १९५१ साली मंत्रिपद कसे सोडले, हे आपण जाणताच. अखेर १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा अमलात आला. हिंदू, बौद्ध, जैन व शीख अशा सर्व भगिनींना तो लागू आहे. त्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हयात असल्यास आई, ह्यांना सारखा हिस्सा मिळतो. सोपा हिशेब सांगते. नवऱ्याने स्वतः बांधलेले घर असेल, मागे बायको, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर सोळा आण्यांतले चार-चार आणे चौघांचे. पुष्कळ बायका समजतात की सगळे घर आपल्याच नावावर होते. पुष्कळ मुलगे समजतात की ते सगळे त्यांचेच. दोन्ही समजुती चूक.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून झाली. त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तेव्हा कायद्याने आपल्या ताटात वाढले आहे. ताट बाजूला सारतो ते आपणच, आणि तेही सही करून.

आता पहिली सही. माझी एक आत्या होती. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि वर्षाच्या आत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. माझ्या आजोबांनी स्वतः कमावून घर बांधले होते. त्या घरात ती राहिली. पापड, कुरडया, शेवया करून, दुसऱ्यांचे कपडे शिवून चार पैसे मिळवी. आम्हा भावंडांना तिनेच वाढवले म्हटले तरी चालेल. १९६८ साली आजोबा गेले. आजी आधीच गेली होती. म्हणजे वारस दोनच, माझे वडील आणि आत्या. सोळा आण्यांतले आठ आणे तिचे! पुढच्या वर्षी वडील तिला कचेरीत घेऊन गेले आणि तिने हक्कसोडपत्रावर सही केली. घरी आल्यावर तिला एक लुगडे मिळाले. सगळे म्हणाले, भावाबहिणीचे प्रेम असावे तर असे. माझे वडील दुष्ट नव्हते. त्यांनी तिला कधी उणे बोलले नाही. रीत होती म्हणून त्यांनी सही मागितली आणि रीत होती म्हणून तिने दिली.

१९८८ साली वडील गेले. वारस आम्ही तिघे, दोन भाऊ आणि मी. ह्या वेळी मी कचेरीत नोकरीला होते. हक्कसोडपत्र म्हणजे काय, एकदा नोंदले की ते फिरवणे किती कठीण असते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरीही १९८९ साली मी सही केली. का केली? भाऊबीजेला माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून. "नोकरी आहे, नवरा कमावता आहे, आणि तरी बापाच्या घरात वाटा मागते," असे कोणी म्हणू नये म्हणून. त्या दिवशी मला आत्याची आठवण झाली नाही, हे मी आज कबूल करते. दोन वर्षांनी भावांनी घर विकले. त्यांना शहरात जागा घ्यायच्या होत्या. त्यांच्या दृष्टीने त्यांचे चुकले नाही. पण सत्तरीला आलेली आत्या एक पत्र्याची पेटी आणि शिवणाचे यंत्र घेऊन माझ्या दारात उतरली. माझा तिसरा हिस्सा माझ्याकडे असता, तर माझ्या सहीवाचून ते सबंध घर विकले गेले नसते, आणि निदान मागची खोली तिच्यासाठी मागता आली असती.

पुढे एकदा तिने मला विचारले, "तू त्या कचेरीत आहेस, माझ्या सहीचा कागद तिथे आहे का गं?" मी जुनी नोंद काढून पाहिली. खाली तिची लहानशी, वळणदार सही होती, आणि वर लिहिले होते, 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.' मी तिला सांगितले, "आहे." ती म्हणाली, "असू दे." त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

भगिनींनो, हक्कसोडपत्र कधीच करू नये असे मी म्हणत नाही. भावाची अडचण खरी असेल, आपले भागत असेल, तर जरूर करावे. ते आपले देणे आहे. पण देणे हे देणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. माझा हिस्सा किती? त्याची आजची किंमत काय? आणि सही केल्यावर माझ्या हाती काय उरते? शेतीचा सातबारा उतारा किंवा घराची मिळकत पत्रिका स्वतः वाचा. कागद आधी घरी आणून शांतपणे वाचून घ्या; "तिथेच बघू, साहेब थांबलेत," असे कोणी म्हणाले तर त्या दिवशी जाऊच नका. घरात आत्या, मावशी, आजी अशी कोणी आश्रयाला असेल, तर तिच्या राहण्याचा हक्क कागदात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. तोंडी आश्वासन देणारा चांगला असतो. पण त्याच्या पाठीमागून येणारे कसे असतील हे कोणी सांगावे?

आता दुसरी सही, बक्षीसपत्राची. हिचा प्रसंग उतारवयात येतो. नवऱ्यामागे घर बाईच्या नावावर होते. मुलगा म्हणतो, "आई, पुढे कटकट नको, आत्ताच नावावर करून टाक." जवळच्या नात्यात मुद्रांक शुल्कही थोडे पडते. आमच्या कचेरीत अशा कितीतरी आया येत. साहेब विचारत, "आजी, मर्जीने देता ना?" ती उत्तर देण्याआधी मुलाच्या तोंडाकडे पाही. बहुतेक घरी पुढे सर्व सुरळीत चालते. मुलगे-सुना वाईटच असतात असे म्हणणे पाप होईल. पण एक आजी मला विसरता येत नाहीत. ऐन पावसाळ्यात त्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. "बाई, माझा कागद मला परत मिळेल का?" एवढेच विचारत होत्या. त्या वेळी त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आज थोडे उत्तर आहे. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला. ज्यांना स्वतःचा निर्वाह करता येत नाही अशा आईवडिलांना मुलांकडून, आणि निपुत्रिक ज्येष्ठ नागरिकांना त्यांची मिळकत ज्यांच्याकडे आहे किंवा जाणार आहे अशा नातेवाइकांकडून, निर्वाहखर्च मागता येतो. ज्येष्ठ म्हणजे साठ वर्षे पुरी झालेली व्यक्ती. ह्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे साध्या कागदावर करता येतो. स्वतः जाणे न जमल्यास दुसऱ्या व्यक्तीमार्फत किंवा संस्थेमार्फतही करता येतो. मूळ कायद्यात ह्या खर्चाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये ठेवलेली आहे.

ह्याच कायद्याचे तेविसावे कलम आपण पदराला गाठ मारून ठेवावे असे आहे. कायदा लागू झाल्यानंतर कोणी ज्येष्ठाने 'माझा सांभाळ करावा' अशा अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते देणे रद्द ठरवता येते. 'अटीवर' हा शब्द महत्त्वाचा आहे. अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका प्रकरणात म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द केले व ह्या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा असे सांगितले. त्या प्रकरणात मुलाने सांभाळाचे वचनपत्र निराळे लिहून दिले होते, ते आईच्या कामी आले. तात्पर्य, द्यायचेच असेल तर बक्षीसपत्रातच दोन वाक्ये घाला: सांभाळ करावा ही अट, आणि तहहयात ह्या घरात राहण्याचा माझा हक्क. मुलगा भला असेल तर त्याला त्या वाक्यांचे ओझे वाटणार नाही. त्याहून माझा सल्ला असा, की घर जिवंतपणी देऊच नका. मृत्युपत्राने द्या. म्हणजे शेवटपर्यंत छप्पर तुमचे राहते, आणि मन बदलले तर कागदही बदलता येतो.

आणि अशी मी तिसऱ्या सहीपाशी आले.

आत्या माझ्याकडे आठ वर्षे राहिली. ती १९९९ साली गेली. आयुष्यभर पापड लाटून आणि कपडे शिवून तिने पोस्टात एक्केचाळीस हजार रुपये साठवले होते. आमच्या धुणेभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी हुशार होती. आत्या तिला रोज संध्याकाळी पाढे म्हणायला बसवी, आणि मला दोनदा म्हणाली होती, "माझे पैसे हिच्या शिक्षणाला दे." मी 'हो' म्हटले. कागद केला नाही. नॉमिनी म्हणूनही कोणाचे नाव लावले नव्हते. ती गेल्यावर तिच्या दिराचे मुलगे आले, ज्यांना तिने उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. त्यांनी कोर्टातून वारस दाखला आणला आणि पैसे घेऊन गेले. कायद्याप्रमाणे ते बरोबर होते. मृत्युपत्र न करता स्त्री वारली तर तिच्या स्वतःच्या मिळकतीवर प्रथम हक्क मुलामुलींचा व नवऱ्याचा. ते कोणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. आणि माहेरच्यांचा क्रम त्यांच्यामागून येतो. आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत तेवढी, मूलबाळ नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे जाते. तोंडी इच्छेला ह्यात जागा नाही. त्या मुलीला आम्ही पुढे थोडाफार हातभार लावला, पण आत्याचे पैसे तिच्या कामी आले नाहीत.

हे माझ्याच आत्याचे नशीब असे समजू नका. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेले एक प्रकरण ऐका. एका मुलीचे १९५५ साली लग्न झाले. तीन महिन्यांत नवरा साप चावून वारला. सासरच्यांनी तिला हाकलले. आईवडिलांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता वारली. बँकेतील ठेव, भविष्यनिर्वाह निधी सारे तिच्या कष्टाचे. माहेरचे कोर्टात गेले. न्यायालयाने परिस्थिती जाणली, परंतु केवळ सहानुभूतीने कायद्याचा अर्थ बदलत नाही असे सांगून मिळकत नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. एका कागदावर तिच्या चार ओळी असत्या, तर हे झाले नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हिंदू स्त्रियांना, आपले मृत्युपत्र करून ठेवा, असे आवाहन केले आहे. तेव्हा आज मी अभद्र बोलते आहे असे कोणाला वाटत असेल, तर न्यायमूर्तीही तेच बोलले आहेत.

मृत्युपत्र करणे किती सोपे आहे ते सांगते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. आपल्या मराठीत लिहावे. आरंभी तारीख, नाव, वय, पत्ता. मी सावध मनाने व कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे हे वाक्य. पूर्वी केले असल्यास ते रद्द केल्याचा उल्लेख. मग घर, जमीन, ठेवी, दागिने ह्यांचे वर्णन गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, खाते नंबर घालून करावे व कोणाला काय ते स्पष्ट लिहावे. "ह्याशिवाय जे उरेल ते अमक्यास" हे वाक्य विसरू नये. आपल्यामागे हे सर्व अमलात आणणारी एक विश्वासाची व्यक्ती नेमावी. शेवटी आपली सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदारांनी आपल्याला सही करताना पाहिलेले असावे आणि त्यांनीही आपल्यासमोर सही करावी. ज्यांना मिळकत मिळणार त्यांना साक्षीला घेऊ नये, उगाच संशयाला जागा राहते. साक्षीदार आपल्याहून लहान वयाचे असावेत हे शहाणपणाचे. नोंदणी सक्तीची नाही. पण केली तर चांगले, आणि वय फार झाले असेल तर मन सावध असल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवावा. हवे तितक्या वेळा बदलता येते. शेवटचे ते खरे. आपल्या मुसलमान भगिनींनी मात्र लक्षात ठेवावे, की इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मिळकत त्यांच्या कायद्याने मृत्युपत्रात देता येत नाही. गोव्यात मिळकत असणाऱ्यांसही तेथील कायदा निराळा आहे. जवळच्या वारसांचा निम्मा हिस्सा तेथे राखीव असतो. अशांनी त्या त्या ठिकाणच्या वकिलास विचारावे.

एक गैरसमज जाता जाता दूर करते. "बँकेत नॉमिनी लावला आहे, मग मृत्युपत्र कशाला?" असे पुष्कळजणी म्हणतात. बँकेच्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे हाती घेणारा विश्वस्त, मालक नव्हे. वारसांचा हक्क त्याने जात नाही. सहकारी गृहसंस्थेच्या सदनिकेचेही तसेच आहे. आयुर्विम्याचा नियम तेवढा जरा वेगळा आहे. नॉमिनी जरूर लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण नॉमिनी लावला म्हणजे मृत्युपत्र झाले असे समजू नका.

आता थोडे माझ्याविषयी. इतके सांगणाऱ्या बाईने स्वतःचे मृत्युपत्र केव्हा केले असेल? आत्या गेल्यानंतर लगेच, असे आपणास वाटेल. नाही. कित्येक वर्षे मी टाळले. आज सण, उद्या पाहुणे, परवा बरे वाटत नाही. हे भाषण लिहायला बसले आणि हात थांबला. तेव्हा आधी मृत्युपत्र लिहिले, मग भाषण. त्यावर ह्याच मंडळातील दोघी भगिनींनी साक्षीच्या सह्या केल्या. त्यांत काय लिहिले आहे हे त्यांनी वाचले नाही व विचारलेही नाही. साक्षीदाराला मजकूर ठाऊक असावा लागत नाही, हेही त्यानिमित्ताने आपणास सांगते.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण हळदीकुंकू करतो, भजन करतो, सहली काढतो. त्याबरोबर एक काम अंगावर घेऊ. ज्या भगिनीला मृत्युपत्रासाठी साक्षीदार हवा असेल, तिच्याकडे आपल्यापैकी दोघी जातील. ज्या भगिनीपुढे घरच्यांनी कागद ठेवला असेल, तिच्याजवळ बसून आपल्यापैकी एक तो सावकाश मोठ्याने वाचून दाखवील. सल्ला देऊ नये, कोणाच्या घरात भांडण लावू नये, फक्त वाचावे. माझ्या आत्याला एवढे कोणी केले असते तरी पुरे होते. कदाचित तिने तरीही सही केली असती. पण मग ती तिची सही झाली असती.

आज घरी गेल्यावर एक वही काढा. घराचा कागद कुठे आहे, खाती कोणकोणती, विमा कोणता, कोणाला देणे, कोणाकडून येणे, हे त्यात लिहा आणि वही कुठे ठेवली ते एका विश्वासाच्या माणसाला सांगा. मग निवांतपणे मृत्युपत्राला बसा. त्याने मरण लवकर येत नाही; मी लिहून आठ दिवस झाले, आणि बघा, आपल्यापुढे उभी आहे.